वगळलेली बोरिक पावडर

करार अकरा महिन्यांचा होता. वीजबिल कोणी भरायचं, भिंतीला खिळे मारायचे नाहीत, गॅलरीत दोरी बांधायची नाही, हे सगळं त्यात टाइप केलेलं होतं. झुरळांचं कलम मात्र तोंडी होतं. किल्ली हातात देताना मालकीणबाई म्हणाल्या, "एक सांगून ठेवते. घरात झुरळ दिसलं तर करार पुढे वाढणार नाही."

"एक दिसलं तरी, काकू?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"एक कधी नसतं रे. एक दिसतं, इतकंच."

घर दादर पश्चिमेला, जुन्या तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होतं. एक खोली, स्वयंपाकघर आणि त्याला लागून मोरी. समोरच्या घरात मालकीणबाई एकट्या राहत. त्यांचं लाकडी दार दिवसभर उघडं आणि जाळीचं दार बंद असे. त्यामुळे आमच्याकडे कोण आलं, काय घेऊन आलं, याची नोंद आपोआप होई.

त्याआधी लग्नानंतरचं पूर्ण वर्ष लालबागला सासरी गेलं होतं. एक खोली, सहा माणसं. नवरा-बायकोला भांडायचं असेल तर जिन्यात जावं लागे, आणि जिन्यात मजल्यावरची माणसं मध्यस्थीला येत. त्यातून भांडण मिटे, पण ते आपलं राहत नसे. दादरच्या घराला दार होतं आणि दाराला आतून कडी होती. पहिल्या आठवड्यात आम्ही दोघांनी ती कडी विनाकारण अनेकदा लावून पाहिली. ती बसल्याचा आवाज झाला की हसू येई. हसण्यासारखं काय होतं ते सांगता येत नाही. कडी होती, एवढंच.

त्यामुळे झुरळांचं कलम आम्ही हलक्यात घेतलं नाही.

मालकीणबाईंचं बालपण गिरगावातल्या चाळीत, ढेकणांच्या शेजारात गेलेलं. नोकरी सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड विभागात झाली. रक्त पिणारे आणि कागद खाणारे, असे दोन्ही प्रकारचे कीटक त्यांना जवळून ठाऊक होते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी अकरा वाजता, त्या टॉर्च घेऊन येत. सिंकखाली बघत. फ्रिज थोडा पुढे ओढायला लावत. सिलेंडरच्या खाली बोट फिरवत. मोरीची जाळी उचलून खाली प्रकाश टाकत. तांदळाच्या डब्यात हात घालत आणि मूठ उजेडात धरत. शेवटी "हं" म्हणत आणि जात. आम्ही दार लावून उभे राहत असू. समोरचं जाळीचं दार बंद झाल्याचा आवाज येईपर्यंत श्वास धरलेला असे. मग दोघंही ओट्याला टेकून हसत असू, तोंडावर हात ठेवून, कारण भिंत पातळ होती.

पहिल्याच पाहणीत एक अडचण निघाली. सिंकखालची तोटी गळत होती आणि तिच्याखाली आम्ही एक वाडगा ठेवला होता. मालकीणबाईंनी वाडग्यावर टॉर्च धरला.

"'गळकी तोटी ही झुरळांची पाणपोई असते,'" त्या म्हणाल्या. "वाचलंस का हे कुठे? तू तर पेपरातली."

"वाचलंय," मी म्हणाले.

नवरा मोरीत गेला आणि त्याने नळ पूर्ण सोडला. तो हसत होता. नळाच्या आवाजात ते ऐकू आलं नाही.

ते वाक्य माझं होतं. मी एका मराठी दैनिकात उपसंपादक होते आणि शनिवारच्या पुरवणीत घराच्या निगेबद्दल एक छोटं सदर जात असे. त्यावर नाव नसे. आधीचे लिहिणारे सोडून गेल्यावर ते काम रिकाम्या खुर्चीबरोबर माझ्याकडे आलं होतं. माझं साहित्य म्हणजे जुने अंक, कंपन्यांची माहितीपत्रकं आणि सासूबाईंचं बोलणं. भाषा मात्र ठाम होती. वर्तमानपत्रात 'बहुधा' आणि 'कदाचित' हे शब्द जागा खातात म्हणून पहिल्यांदा काढले जातात. ते काढले की कोणाचंही लिहिणं अनुभवी वाटू लागतं.

मालकीणबाई ते सदर दर शनिवारी वाचत, कात्रीने कापत आणि वहीत चिकटवत. लिहिणारी कोणी पोक्त बाई असणार, असं त्यांनी ठरवलं होतं. "त्यांचं घर बघायला मिळालं पाहिजे एकदा," असं त्या म्हणत. त्या वेळी माझं वय अठ्ठावीस होतं आणि आमच्या सिंकखाली वाडगा होता. खरं सांगण्याची वेळ त्याच दिवशी होती. ती गेली, आणि पुढे रोज थोडी थोडी अधिक जात राहिली.

तर मग आम्ही माझ्याच सदराप्रमाणे राहू लागलो. दुसरा उपाय नव्हता, कारण मालकीणबाई त्याप्रमाणेच तपासत होत्या. तोटीचा वायसर बदलला. ओटा आणि भिंत यांच्यामधली फट नवऱ्याने पांढऱ्या सिमेंटने भरली. पहिल्यांदा भरली तेव्हा सिमेंटपेक्षा बोटांचे ठसे जास्त दिसत होते. मोरीच्या जाळीवर संध्याकाळी गरम पाणी ओतायचं. ओला कचरा दिवस मावळायच्या आत बाहेर. खरकटी भांडी सिंकमध्ये ठेवायची नाहीत. पुठ्ठ्याचा खोका आला तर जिन्यातच रिकामा करायचा आणि घरात फक्त वस्तू आणायची, कारण पुठ्ठ्याच्या पन्हाळ्यांत झुरळं अंडी घालतात. रद्दी महिन्याच्या महिन्याला. धान्य गच्चीवर उन्हात.

त्याचा परिणाम असा झाला की झुरळं आली नाहीत. आठ महिने एकही दिसलं नाही. मला याचं आश्चर्य वाटलं, हे इथे नमूद केलं पाहिजे. मी लिहीत होते ते खरं होतं आणि मला ते माहीत नव्हतं. पाणी नाही, खरकटं नाही, लपायला फट नाही, मग झुरळाने यावं कशाला. "हं" हळूहळू लांबत गेला. सातव्या पाहणीत तो जवळजवळ "छान" झाला होता.

त्या आनंदात आम्ही थोडे वाहवलो. नवरा कचेरीतून आल्यावर टॉर्च घेऊन माझी पाहणी करू लागला. "तोंड उघड. हं. दात घासलेत." मी त्याचे खिसे तपासत असे आणि शेंगदाण्याची सालं सापडली की करार वाढणार नसल्याचं कळवत असे. एका संध्याकाळी तो चादर पांघरून सिंकखाली बसून राहिला आणि मी दिवा लावल्यावर त्याने मिशा हलवल्या. त्याला मिशा नव्हत्या. दोन खराटे होते.

दहा महिने असे गेले. अकराव्या महिन्याच्या सुरुवातीला सदराचा विषय झुरळांच्या गोळ्या हा होता.

गोळ्यांची कृती सासूबाईंची होती. लालबागच्या घरात त्या वर्षातून दोनदा अशा गोळ्या करत. लेख मी सोमवारी लिहिला. गुरुवारी पान लावताना गाद्यांची एक जाहिरात वाढून आली आणि लेख नऊ ओळींनी कापावा लागला. कापणारीही मीच होते. एक परिच्छेद 'बोरिक पावडर औषधांच्या दुकानात मिळते' असा सुरू होत होता. कुठे काय मिळतं ही माहिती वाचकाला असतेच, असं समजून मी तो परिच्छेद काढला. तो बरोबर नऊ ओळींचा होता. पान वेळेत गेलं. त्याच परिच्छेदात पुढे, ती पावडर चार चमचे घेऊन कणकेत मिसळा, असं लिहिलेलं होतं.

शनिवारी छापून आलं ते असं: एक वाटी कणीक घ्या. तिच्यात दोन चमचे साखर आणि थोडा किसलेला कांदा घाला. दुधात घट्ट मळा. सुपारीएवढ्या गोळ्या करून ओट्याखाली, फ्रिजमागे आणि मोरीजवळ ठेवा. पंधरा दिवसांत फरक दिसेल.

फरक दिसला. पंधरा दिवस लागले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहिला रविवार होता. मालकीणबाई टॉर्चबरोबर एक ताटली घेऊन आल्या. "काल आलंय पेपरात. मी अठ्ठावीस केल्या. चौदा तुमच्यासाठी." आणि त्यांनी त्या स्वतः ठेवल्या, सदरात दिलेल्या क्रमाने. मी ताटली धरून त्यांच्यामागे फिरत होते. गोळ्या पाहून मला काहीही वाटलं नाही. माझ्या मनातल्या कृतीत बोरिक पावडर होती, म्हणून ताटलीतल्या गोळ्यांतही ती असणार.

त्याच दिवशी दुपारी सासूबाई आल्या. टॅक्सीतून गोण उतरली. गावाहून आलेले उकडे तांदूळ. बरोबर पिशवीत सुकट आणि बोंबील. गावाहून आलेल्या वस्तूला नको म्हणायची पद्धत सासरी नाही. गोण नवऱ्याने खांद्यावर घेतली आणि जाळीच्या दारासमोरून आत नेली. जाळीमागे मालकीणबाई उभ्या होत्या.

मंगळवारी मुंग्या आल्या. लाल. मोरीतून ओट्याखाली, ओट्याखालून फ्रिजमागे, आणि दोन उंबरठे ओलांडून समोरच्या घरात. रांग सरळ होती आणि दोन्ही दिशांना वाहतूक होती. बुधवारी झुरळं आली. आधी एक, कलमाप्रमाणे. मग बाकीची. फ्रिजमागच्या गोळीवर तीन बसली होती आणि टॉर्चच्या प्रकाशातही उठली नाहीत. ती कुठून आली, याचं उत्तर इमारतीच्या सांडपाण्याच्या नळाने दिलं असतं. दहा महिने त्या नळातच होती. वर यायला कारण नव्हतं. आता होतं.

त्या संध्याकाळी नवरा चप्पल घेऊन एका झुरळामागे धावला. ते भिंतीवर गेलं. तो स्टुलावर चढला. ते उडालं. तोही उडाला, उलट्या दिशेने, आणि तांदळाच्या गोणीवर जाऊन बसला. "करार गेला," तो गोणीवरून म्हणाला. मग आम्ही दोघं हसायला लागलो आणि थांबता येईना. पोट दुखू लागलं तरी थांबता येईना. घर जाणार होतं, ते दोघांनाही कळत होतं. हसताना माझी नजर कडीकडे जात होती.

गुरुवारी सकाळी मालकीणबाईंनी दार वाजवलं. आत आल्या नाहीत.

"माझ्याकडे सोळा वर्षांत झुरळ नव्हतं," त्या म्हणाल्या. "गोण आणि सुकट. मी रविवारी पाहिलं, पण म्हटलं, त्यांच्याकडचं आहे, आपण बोलू नये. आता बोलते. महिनाअखेरीला करार संपतोय. एक बाई घर बघायला येणार आहेत."

"काकू, आम्ही सुकट परत पाठवतो," नवरा म्हणाला.

"पाठवा. पण झुरळं परत जाणार आहेत का?"

नवऱ्याने आईला फोन केला. सासूबाई शनिवारी आल्या, सुकट न्यायला. तोंड घट्ट मिटलेलं होतं. सुकट परत न्यावी लागणं हा त्यांच्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग होता. पिशवी उचलायला त्या ओट्याजवळ वाकल्या आणि तिथेच थांबल्या.

"ह्यां काय ठेवलंस गो?"

"झुरळांच्या गोळ्या, आई. तुमचीच कृती."

त्यांनी एक गोळी उचलली, तिच्यावरच्या मुंग्या झटकल्या, मोडली, वास घेतला.

"वास तर कणकेचो येता. साखर. दूध." बोटांत चुरली. "ह्येच्यात औषध खंय आसा?"

"बोरिक पावडर आहे ना."

"बोरीक खंय? माका बोटांत कळता." त्यांनी मोडलेले दोन तुकडे माझ्या तळहातावर ठेवले. "ह्यो लाडू आसा. तुमी झुरळांका पंगत वाढलात."

मी गेल्या शनिवारची पुरवणी काढली. नवऱ्याने ती माझ्या हातातून घेतली आणि मोठ्याने वाचली. कणीक. साखर. कांदा. दूध. 'फरक दिसेल' या शब्दांपर्यंत तो पोचला आणि जमिनीवर बसला. तिथून आडवा झाला. "कांदा पण," तो छताकडे बघत म्हणाला. "कांदा पण किसून घातलास त्यांना."

"हसतस काय, मेल्या," सासूबाई म्हणाल्या. "घर जातला तुमचा." मग माझ्याकडे वळल्या. "आणि नाव माझ्या सुकटीचा झाला."

त्यांच्या बाजूने एवढीच गोष्ट महत्त्वाची होती आणि ती रास्त होती. मी पुरवणी घेऊन समोर गेले.

मालकीणबाईंनी मला खुर्ची दिली. मी घटना क्रमाने सांगितली. सदर मी लिहिते. परिच्छेद मी कापला. त्यात पावडर होती. गोळ्यांत ती नसल्यामुळे झुरळं आली. गोणीचा आणि सुकटीचा संबंध नाही. सांगताना मला वाटलं की मी चांगली बातमी सांगते आहे, मुद्देसूद आणि सुटसुटीत.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "सासूवर येऊ नये म्हणून बोलतेस. चांगली सून आहेस. पण सदर लिहिणाऱ्या त्या बाईंवर कशाला ढकलतेस?"

"काकू, त्या बाई मीच आहे."

"तू?" त्यांनी माझ्याकडे, मग उघड्या दारातून आमच्या घराकडे पाहिलं. तिथे माझा नवरा अजून जमिनीवर होता आणि मधूनमधून हसण्याचा आवाज येत होता. "त्या बाईंच्या घरात असं चालत नसेल."

"मी ऑफिसचं ओळखपत्र दाखवू का?"

"तू पेपरात आहेस ते मला माहीत आहे. म्हणून काय सगळा पेपर तूच लिहितेस? आणि छापलेलं आहे ते. छापण्याआधी कोणीतरी तपासलेलं असतं."

"तपासणारीही मीच."

"असं नसतं," त्या शांतपणे म्हणाल्या. चौतीस वर्षं ज्या विभागात त्यांनी काढली, तिथे प्रत्येक कागदावर दोन सह्या असत.

मग त्यांनी वही आणली. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, कचेरीत मिळायची तशी. ती त्या कोणाला दाखवत नसत. माझं सगळं सदर तिच्यात होतं, तारखेनुसार, कडा सरळ कापून, कणकेच्या खळीने चिकटवलेलं. "हे बघ. यात कुठे चूक आहे का कधी?" त्या पानं उलटत गेल्या. मी बघत होते ते वेगळंच. कात्रणांच्या कडांना बारीक भोकं होती. एक रुपेरी, चपटा, शेपटीला तीन केस असलेला किडा एका पानावरून दुसऱ्या पानाच्या घडीत गेला. कसर. तिला खळ आवडते. तिच्याविषयी मी लिहिलेल्या लेखाचा मधला भाग खाल्लेला होता.

ते त्या क्षणी सांगणं मला जमलं नाही. एका दिवसात एका माणसाला किती बातम्या द्याव्या, याला मर्यादा असते.

"चूक असेल तर ते दुरुस्ती छापतील," वही मिटत त्या म्हणाल्या. "छापली तर मी मानेन. तुझ्या सासूबाईंची माफीही मागेन. नाही छापली, तर त्या बाई पुढच्या रविवारी घर बघायला येतील."

त्याआधी एकच शनिवार उरला होता.

सोमवारी मी पुरवणी बघणाऱ्या वरिष्ठांकडे गेले. ते चहा पीत होते.

"सदराला दुरुस्ती?" ते म्हणाले. "कोणाचं पत्र आलंय?"

"नाही."

"फोन?"

"नाही."

"मग चूक झालेलीच नाही."

"सर, माझं घर जाईल."

त्यांनी कप खाली ठेवला. मी त्यांना झुरळांपासून सुरुवात करून सगळं सांगितलं. गोणीवर उडालेल्या नवऱ्यापर्यंत आल्यावर ते खुर्चीत मागे रेलले आणि डोळे पुसू लागले. "दुरुस्तीची चौकट मिळणार नाही," शेवटी ते म्हणाले. "पण लेखात घाल. पहिल्या परिच्छेदात घाल, म्हणजे जाहिरात आली तरी राहील. कापशील ते शेवटून."

पहिला परिच्छेद मी असा लिहिला: गोळ्यांच्या कृतीत चार चमचे बोरिक पावडर हा मुख्य घटक छापायचा राहिला. ती न घातलेल्या गोळ्या झुरळांचं अन्न ठरतात. अशा गोळ्या ठेवल्या असतील तर ताबडतोब उचला आणि जागा साबणाच्या पाण्याने पुसा. औषध घातलेल्या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत, अशा ठेवा. चूक आमची आहे. गोणीची किंवा सुक्या मासळीची नाही.

मधला परिच्छेद तमालपत्राबद्दल होता. ते कपाटात ठेवलं की झुरळं पळतात, असं एका जुन्या अंकात होतं आणि मी ते पूर्वीही एकदा दिलं होतं. शेवटचा परिच्छेद वहीबद्दल होता. ज्यांना कात्रणं जपायची सवय आहे, त्यांनी ती कणकेच्या खळीने चिकटवू नयेत. विशेषतः लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही असेल, आणि कात्रणांच्या कडांना बारीक भोकं दिसत असतील, तर पानं ब्रशने झाडून, वारा देऊन डिंक वापरावा. खळ हे कसरीचं खाद्य आहे.

गुरुवारी जाहिरात आली. गाद्यांचीच. आठ ओळी.

नियम शेवटून कापण्याचा होता. शेवटी वही होती. मी पानासमोर बराच वेळ बसले, इतका की पान लावणाऱ्या सहकाऱ्याने विचारलं, "मॅडम, झोप लागली का?" मग मी तमालपत्र काढलं. ते कधीच कोणी करून पाहिलेलं नव्हतं. खरं तर ते पहिल्या वेळीच काढायला हवं होतं. उरलेला मजकूर दोनदा वाचला. मग तिसऱ्यांदा, बोटाने, एकेक शब्द, शाळेत वाचतात तसा. बोरिक पावडर जागेवर होती.

शनिवारी सकाळी साडेसातला दार वाजलं. मालकीणबाईंच्या एका हातात पुरवणी होती, दुसऱ्या हातात वही. या वेळी त्या आत आल्या. नवरा खोलीत पलीकडे उभा राहिला, टूथब्रश तोंडात तसाच.

"दुरुस्ती वाचली," त्या म्हणाल्या. "ती वाचून मी म्हटलं, बघ, त्या बाई किती सरळ आहेत. चूक कबूल केली." त्यांनी पुरवणीचा खालचा भाग बोटाने दाखवला. "मग हे वाचलं. ही वही तू पाहिलीस."

"हो."

"तुझ्याशिवाय कोणी पाहिलेली नाही."

"नाही."

"म्हणजे ते सगळं तूच."

"हो, काकू."

त्या खुर्चीत बसल्या. वही मांडीवर ठेवली आणि तिच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला. माझ्यामुळे त्यांची ती पोक्त बाई कायमची गेली होती. त्या बाईंच्या घरी कधीतरी चहाला जायचं मालकीणबाईंचं राहून गेलं होतं. मला वाईट वाटलं, आणि मला वाटतं त्यांनाही.

"तमालपत्राचंही तूच लिहिलं होतंस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मी चार महिने ठेवलं होतं कपाटात. काही उपयोग झाला नाही."

"होत नाही बहुधा."

"मग तेव्हा 'बहुधा' का नाही लिहिलंस?"

पलीकडे नवऱ्याच्या तोंडातून फेसाचा एक बुडबुडा बाहेर आला. मालकीणबाईंनी तो पाहिला. त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला, मग दुसरा. मग त्या हसू लागल्या. आवाज न करता, खांदे हलवत, वही धरून. "चौदा गोळ्या," त्या मधेच म्हणाल्या. "आणि मी त्या ताटलीवर झाकण घालून आणल्या होत्या. मुंग्या लागू नयेत म्हणून." त्यावर आम्ही तिघंही हसत सुटलो. नवऱ्याला मोरीत जावं लागलं.

घर बघायला येणाऱ्या बाईंना त्यांनी आमच्यासमोरच फोन करून नकार कळवला. करार अकरा महिन्यांनी वाढला. या खेपेला झुरळांचं कलम बदललं. यापुढे सदरात जे छापायचं, ते आधी दोन्ही स्वयंपाकघरांत करून बघायचं, आणि तपासणीची दुसरी सही त्यांची.

पहिली तपासणी त्याच दुपारी झाली. सासूबाईंना बोलावणं गेलं. त्या बोरिक पावडर घेऊन आल्या आणि सुकटही परत घेऊन आल्या. मालकीणबाईंनी दारातच त्यांची माफी मागितली. सासूबाई म्हणाल्या, "राहूंदे, बाय. तुमी खातास का सुकट?" मालकीणबाई खात नव्हत्या. वास मात्र वाईट नाही, असं त्या म्हणाल्या, एक पाऊल मागे सरकून.

मग सासूबाई परात घेऊन जमिनीवर बसल्या. हाताला फडकं बांधून त्यांनी कणकेत पावडर ओतली. मालकीणबाई समोर स्टुलावर, मांडीवर वही, हातात पेन्सिल.

"चार चमचे ना? सपाट की शिगोशीग?"

"चमचो कित्याक?" सासूबाई म्हणाल्या. "हातान घालूची."

पेन्सिल थांबली. मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मग पेपरात चार कुठून आले?"

ते मी अंदाजाने लिहिलं होतं. मी चमचा आणला. सासूबाईंना दुसऱ्या ताटलीत तेवढीच पावडर पुन्हा ओतायला सांगितली, आणि तिघींच्या देखत ती मोजली. साडेपाच भरली. सपाट.

"लिहा," सासूबाई म्हणाल्या.

मालकीणबाईंनी चिकटवलेल्या दुरुस्तीवर चाराचा आकडा खोडून साडेपाच केला आणि शेजारी सही केली. मग वही माझ्याकडे सरकवली, दुसऱ्या सहीसाठी. कात्रण या वेळी डिंकाने लावलेलं होतं आणि अजून ओलं होतं.